पडदे सोडलेली मोटार

बाबा, आज सकाळी बुलढाण्याहून मलकापूरला येताना मोटारीत सगळ्यांनी काचा लावून घेतल्या आणि मी आपली खाली केली. घाटात वारा नुसता झोंबत होता. तुमची नात आता शाळेत जाते, गप्प बसते थोडीच. "आई, काच काऊन उघडी? मले थंडी वाजून राह्यली." मी तिला शालीत घेतलं. कारण सांगायला तोंड उघडलं आणि तुमच्याच आवाजात बोलून गेले, "वाजू दे."

लढाईत पेट्रोल मिळेनासं झालं आणि मालकानं तुमच्या मोटारीच्या मागे कोळशाची भट्टी बसवून तिच्या गॅसवर मोटार चालवायला घेतली, तेव्हा अख्खं गाव हसलं होतं. "मोटारीले चूल लावली म्हणे. आता पोया बी लाटा." छपरावर कोळशाची पोती, चढावर उतारूंनी उतरून ढकलायचं, आणि थंडीत तर भट्टी पेट घेईपर्यंत क्लीनर चाचा पंखा फिरवून घामाघूम. आई मात्र खूश. धूर नाही, डोळे चुरचुरत नाहीत, असली चूल मले घरी आणून द्या, म्हणायची. धूर नाही म्हणजे भीती नाही, असंच आम्ही बायका धरून चाललो होतो. एकदा घाट चढताना मी गारठून बाजूचा ताडपत्रीचा पडदा सोडला, तर तुम्ही मोटार थांबवून सगळ्यांदेखत ओरडलात, "पडदा वर कर. हा कोयसा माणसाले खाते." कोळसा कसा खाईल? त्या दिवशी मी तुमच्याशी बोललेच नाही.

मग माझं बाळंतपण. बुलढाण्याच्या दवाखान्यातून मला आणि लेकीला घरी न्यायला तुम्ही आलात. पाण्यात हात घालवत नव्हता अशी थंडी. तिला गुंडाळून मी अड्ड्यावर येते, तर मागची भट्टी पेटलेली आणि मोटारीचे सगळे पडदे खाली. तुम्ही स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलेले, गाल लालबुंद, जत्रेतून आल्यासारखे. वाटलं, डोळा लागलाय. तेवढ्यात चाचा चहा घेऊन आले, हातातले पेले तिथंच टाकले आणि मला दंडाला धरून बाहेर ओढलं. "निघ बेटी, लेकराले घेऊन निघ." मग तुम्हाला ओढून काढलं, पण तुम्ही गेला होतात.

चाचा रडत सांगत होते, "मी म्हनलं, पडदे काऊन सोडले? तर म्हने, पोरगी ओली बाळंतीन हाये, मोटारीत जराशी ऊब धरू दे. ती यायच्या आधी पडदे वर करतो." लोक म्हणाले, घाटातलं काहीतरी लागलं. मला तुमचा रागच येतो, बाबा. सगळं ठाऊक असून स्वतः आत बसलात कशाला? तुम्ही बाहेर उभे राहिला असता तर मोटार तापली नसती का?

हे लिहिलेलं मी कोणाला दाखवणार नाही, आईलाही नाही. ती समजते, मी मोटारीत पाय ठेवला आणि किंचाळले. तसं नव्हतं. मी चढले, तुमच्या मागच्या बाकावर बसले, लेकीला मांडीवर घेतलं. पायांतला गारठा हळूहळू उतरला. कितीतरी दिवसांनी जिवाला बरं वाटलं. म्हटलं, निजू द्या बाबांना. आणि अजूनही थंडी पडली की मला तीच ऊब हवीशी वाटते.