मागच्या खोलीचं साम्राज्य

४ नोव्हेंबर, सकाळी
प्रकाशकांनी पुस्तक घ्यायचं कबूल केलं! विषय माझाच: महासत्ता होता होता राहून गेलेली छोटी राज्यं. पहिलं प्रकरण महिनाअखेर हवं, नाही आलं तर पुस्तक रद्द, असं ते हसत म्हणाले. मीही हसलो. वीस वर्षं शाळेत इतिहास शिकवतोय, सगळं डोक्यात तयार आहे. फक्त कागदावर उतरवायचं. उद्यापासून पहाटे पाचला.

५ नोव्हेंबर
साडेआठला उठलो. शाळा दुपारची आहे म्हणून बरं. थंडी फार.

७ नोव्हेंबर
जेवणाच्या टेबलावर बसलो. विषय कुरलँड. बाल्टिक समुद्राकाठचं एवढंसं संस्थान, पण सतराव्या शतकात थेट टोबॅगो बेटावर वसाहत! मग स्वीडनने त्यांच्या ड्यूकलाच पकडून नेलं आणि जहाजं, वसाहती, सगळं हातचं गेलं. पहिलं वाक्य सुचतच होतं, तेवढ्यात बायकोने पुढ्यात मटार ठेवले. सोलले. या घरात मोठं काम होणं अवघड आहे.

८ नोव्हेंबर
खरं दुखणं सापडलं. मला स्वतंत्र खोली नाही. मागच्या खोलीत सासूबाई आणि त्यांचं शिलाई मशीन. दिवसभर खडखड. जुन्या चादरींच्या पिशव्या शिवतात. कोणाला हव्यात इतक्या पिशव्या? खोली मिळाली की पुस्तक झालंच म्हणून समजा. पण सरळ मागणं बरं दिसत नाही. मुत्सद्देगिरीने घ्यावी लागेल.

११ नोव्हेंबर
बर्गंडीचा अभ्यास, अंथरुणात पडून. श्रीमंत राज्य, फ्रान्सच्या तोंडचं पाणी पळवलेलं. पण ड्यूकसाहेबांनी एकाच वेळी चौफेर वैर ओढवून घेतलं आणि रणांगणात जीव गमावला. शुद्ध मूर्खपणा. एका वेळी एकच आघाडी, हा त्यातला धडा.
संध्याकाळी कन्येला गिटार बंद करायला सांगितलं आणि बायकोला टीव्ही. दोघी माझ्याशी बोलत नाहीत. दोन्ही आवाज वाढले आहेत.

१५ नोव्हेंबर
मेव्हण्याला फोन केला. सासूबाईंना महिनाभर आपल्याकडे न्यायला तो एका पायावर तयार! भावोजी, तुम्ही निश्चिंत राहा म्हणाला. रविवारी गाडी घेऊन येतोय. पाठीशी बडी सत्ता हवी ती अशी.
पुन्हा बर्गंडी. ड्यूकला राजा व्हायचं होतं. मुकुट देणाऱ्या जर्मन सम्राटाने आशा लावली, समारंभाची सगळी तयारी झाली, आणि एका सकाळी सम्राट न सांगताच नावेत बसून निघून गेला. इतका कसा हो भोळा माणूस! हसून हसून ठसका लागला.

१८ नोव्हेंबर, रविवार
मेव्हणा आला. पोटभर जेवला. मी माळ्यावरून सासूबाईंची बॅग काढतोय तोवर गाडी गेलीसुद्धा. जाताना चार पिशव्या घेऊन गेला. बॅग हातात बघून सासूबाईंनी विचारलं, कुठे निघालात? म्हणालो, जरा काम आहे. रिकामी बॅग घेऊन कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो.
लिहिलेली पानं: एकही नाही. शीर्षक मात्र दोनदा अधोरेखित केलं आहे.

२६ नोव्हेंबर
फितुरी. मेव्हण्याने बहिणीला सांगितलं, बहिणीने आईला. आता काय होणार म्हणून दिवसभर शाळेतच रेंगाळलो. घरी आलो तर सासूबाई म्हणाल्या, अहो, खोली हवी होती तर मागायची ना, पुस्तक काय रोज होतं का? मशीन हॉलमध्ये गेलंसुद्धा होतं. माझ्या खुर्चीवर नवी उशी, त्यांनीच शिवलेली. तुमचं लिहून होईपर्यंत मशीन बंद ठेवते म्हणाल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
खोली हवेशीर आहे. दोन दिवसांची रजा टाकतो.

२९ नोव्हेंबर
टेबल खिडकीशी लावलं. मग भिंतीशी. थीब्ज घेतलं: स्पार्टासारख्या स्पार्टाला लोळवलं, आणि दहाएक वर्षांत पुन्हा होतं तिथेच. कुरलँड, बर्गंडी, थीब्ज, सगळी का फसली याची कारणं मला तोंडपाठ आहेत. पहिलं वाक्य तेवढं राहिलंय.

३० नोव्हेंबर, दुपारी
आज टीव्ही लागलेला नाही. कन्या आपणहून गिटार घेऊन मैत्रिणीकडे गेली. सासूबाई हॉलमध्ये हाताने टाके घालताहेत, या वयात, डोळ्यांना ताण देऊन. मघाशी बायको चहा ठेवून गेली. कप वाजू नये म्हणून बशीखाली रुमाल होता. किती झालं, असंही तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर निदान तिच्यावर चिडता आलं असतं.
सकाळपासून एक ओळ नाही. त्या राज्यांच्या वाटेत शत्रू तरी होते. माझ्या वाटेत आज कोणीच नाही, आणि आधीही नसावं, अशी मला दाट शंका येते आहे.
प्रकाशकांचा फोन वाजतोय. घर इतकं शांत आहे की ऐकू आला नाही म्हणायचीही सोय नाही.