बॉय म्हणून मिळालेलं ताईला परत

मी, सुदर्शन हौशीराम रासकर, वय सत्तावीस, मूळ राहणार वडगाव रासाई, ता. शिरूर, जि. पुणे. सध्या दुबईत, उंच इमारतींच्या काचा दोरावर लटकून पुसतो. दारू प्यायलेलो नाही. राग आलाय, पण डोकं ठिकाणावर आहे. कुणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. उलट कळलं तर घरचे अडवतील, म्हणून इथूनच लिहितो.

कारण असं की मागच्या महिन्यात शेजारच्या दोरावरचे हरिहरकाका पडले आणि गेले. नातवंडं असलेला माणूस. सुपरवायझर फोनवर म्हणाला, "साब, एक बॉय गिर गया." इथं आम्ही सगळे बॉय. पांढऱ्या मिशीचा पण बॉयच. उद्या मी पडलो तर माझ्यामागं घरात काय होईल ते मला माहीत आहे. म्हणून हे मृत्युपत्र.

१. शेती. दौंडच्या दवाखान्यात नर्स म्हणाली, "बॉय झाला," तेव्हा आबांनी पार वरवंडपर्यंत पेढे वाटले. माझ्या आधी ताई झाली तेव्हा साधी जिलेबी आणली नव्हती. तिचं नाव ठेवलं नकुशी, म्हणजे पुढचा तरी मुलगा व्हावा. मी झालो, तरी ते नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. वाटपाच्या वेळी तिला जीपमध्ये घालून शिरूरला नेलं आणि हक्कसोडपत्रावर सही घेतली. चुलते सर्जेराव म्हणाले, "नकुशे, भाऊ हाय तर माहेर हाय. साडी घे आन् सही कर." मला आबांचा फोन, "तुझं काम झालं." माझं कसलं काम? शेवंती लावते ती, तोडते ती. नवऱ्यानं टाकल्यापासून त्याच रानावर जगते ती.

तर माझ्या नावावरची सगळी जमीन, विहिरीतल्या हिश्शासकट, नकुशीताईला. माझं लग्न झालेलं नाही. हे पत्र नसलं तर जमीन आईच्या नावावर जाईल, आणि आबा आईचा अंगठा घेऊन ती माझा चुलतभाऊ विश्वजीत याला देतील, कारण घरात तेवढाच बॉय उरेल. आई, तू अंगठा देताना कशावर देतेस ते विचारत नाहीस, म्हणून जमीन तुला दिली नाही. रागावू नको. माझं इथलं साठवलेलं सगळं तुझं.

२. मोटारसायकल ताईलाच. आबा म्हणतील, "बाईमाणसाला गाडी कशाला?" मग फुलं मार्केटला तुम्ही नेता का, आबा?

३. माझ्या वाढदिवसाचे फ्लेक्स माळ्यावर पडलेत. गॉगल घालून उभा केलाय मला आणि खाली 'रासकरांचा बॉय'. ते सगळे विश्वजीतला. कांदा झाकायला बरे.

४. चुलत्यांना काही नाही. ती साडी ताईनं अजून नेसलेली नाही. तीच त्यांना परत करावी.

५. माझा देह गावी आला तर अग्नी ताई देईल. विश्वजीतनं मडकं धरायचं नाही. गुरुजी अडून बसले तर त्यांच्याशिवाय उरका. पेटीवर कंपनीवाले 'बॉय' लिहितील, ते खोडून माझं नाव लिहा.

६. सातबारावर ताईचं नाव लागेल त्या दिवशी तिच्या जन्माचे राहिलेले पेढे आबांनी स्वतः हिंडून वाटायचे. वरवंडपर्यंत. जिलेबी चालणार नाही. कुणी विचारलं, "हौशीराम, काय झालं?" तर सांगायचं, "मुलगी झाली."

याआधी मी कुणाला काही लिहून दिलेलं नाही. माझ्या खोलीतला रोहिदास सुट्टीवर गावी जाईल तेव्हा हा कागद ताईच्याच हातात देईल, दुसऱ्या कुणाच्या नाही. खालच्या दोघांसमोर वाचून सही केली.

ठिकाण: दुबई, खोलीवर
दिनांक: १४ फेब्रुवारी २०२५
सही: सुदर्शन हौशीराम रासकर

साक्षीदार:
रोहिदास जालिंदर टिळेकर, वय ३१, राहणार कासुर्डी, ता. दौंड. काम: बॉय.
रामआसरे यादव, वय ५४, राहणार बलिया. काम: बॉय.