अपूर्वाचं माहेर

वडगाव मावळ

चि. सौ. प्रतिभा हिस ताईचे अनेक आशीर्वाद.

मी खुशाल आहे (गुडघे वगळून). तुझी कंबर, तुझ्या यजमानांचा खोकला आणि आपल्या प्रेरणाचं बाळ कसं आहे? इकडची बातमी म्हणजे मोबाइलमधल्या त्या अपूर्वाशी माझं फाटलं. (तिला अजून माहीत नाही.)

तीच गं, गावोगाव हिंडून व्हिडिओ करते ती. रोज दुपारी मी तिला मिठाच्या बरणीला टेकवून जेवायला बसते. ती विचारते, मंडळी, जेवलात का? मी म्हणते, बसतेच आहे बाई. दुसरं कोण विचारतंय मला? एकदा ती म्हणाली, विधवेनं ओटी भरली तर काय बिघडतं, मी नाही मानत असलं. त्या दिवशी मी भात दोनदा वाढून घेतला. मग म्हणाली, शनिवारी पवनानगरला तंबूत राहायला येतेय, मावळ म्हणजे माझं माहेरच! आता माहेरी आलेल्या पोरीला रिकामी कशी पाठवायची? खण, नारळ, इंद्रायणी तांदूळ घेतले आणि जीपमध्ये स्वतःला कोंबून गेले.

पोर गोड हसली. माझ्या रोजच्या कॉमेंटा काही तिला आठवेनात, ते असो. मी ओटी भरायला घेतली. तर कॅमेरावाला म्हणतो, मावशी, चेहऱ्यावर सावली येतेय, परत. मग नारळ घरंगळला, परत. हे गेल्यापासून कुणी एकदाही भरू दिली नाही, आणि एका दुपारी तीनदा! मग सगळी गाडीत बसून निघून गेली, ओटी खुर्चीवर तशीच. जीपवाला अंबाजी ओरडतोय, "मावशी, नारळ ऱ्हायला की तुमचा हितं!" उचलून घरी आणला.

परवा ती कोकणात होती. तेही माहेरच निघालं. तिथल्या आजीकडूनही ओटी भरून घेतली (कल्पना माझी!). मेलीचं तोंड बघणार नाही म्हटलं आणि बंद केलं. खूप रडले. नारळाच्या वड्या केल्या, बऱ्या झाल्यात.

तुझी
ताई

ता. क. बंद केलं ते दोनच दिवस. दुपारी घर फार गप्प असतं गं.

आणखी एक. प्रेरणा बाळाला घेऊन पनवेलला सासरी निघेल, तेव्हा गाडी इकडूनच जाईल ना? तिच्या डोहाळजेवणाला तू मला "ताई, तू आत बस" म्हणालीस, मी बसले. आता नवा खण आणून ठेवलाय. तिला पाच मिनिटं थांबव. मी लवकर आटपेन, आता सराव झालाय.