ओपन सोर्सवरील प्रेमाचा पंचनामा होण्याबाबत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
माहिती तंत्रज्ञान तक्रार कक्ष,
पुणे शहर.

विषय : ‘विराटसेतू’ कंपनीचे ओपन सोर्सवरील प्रेम खरे की खोटे, याचा पंचनामा होण्याबाबत.
संदर्भ : अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज (उत्तर नाही).

महोदय,

अर्जदार गोदाबाई तुपे, वय ६८, सेवानिवृत्त शिक्षिका, राहणार हडपसर, यांचे सविनय म्हणणे की,

१. गेल्या वर्षी जानेवारीत सदर कंपनीने आपल्या कचेरीत हळदीकुंकू ठेवले. भिंतीवर लाल बदाम काढून ‘आमचे ओपन सोर्सवर प्रेम आहे’ असे लिहिले होते. कंपनीचे अधिकारी केयूर म्हणाले, “आजी, अंध मुलांना पुस्तकं वाचून दाखवणारा मराठी आवाज करतोय. ओपन सोर्स आहे, सगळ्यांना फ्री!” त्यावर विश्वासून अर्जदाराने चाळीस दुपारी तेथे बसून ध्वनिमुद्रणासाठी वाचत घसा कोरडा केला.

२. वाणाचा स्टीलचा डबा देताना एका वहीत सही घेण्यात आली. हळदीकुंकवात कोणी चष्मा लावून वही वाचत बसत नाही. वाण मिळाल्याची सही समजून पस्तीस जणींनी ती केली. आवाज कंपनीच्या मालकीचा करून देणारे ते संमतिपत्र होते, हे मागाहून कळले. या कल्पकतेला अर्जदाराचा नमस्कार, तोही लांबूनच.

३. अर्जदाराच्या शेजारची अपेक्षा जन्मांध असून यंदा बारावीला आहे. हा आवाज आल्यापासून ती कोणाची मनधरणी न करता अभ्यास करू लागली होती. दिवाळीनंतर आवाज बंद पडला. चौकशी करता, प्रोग्रॅम अजूनही सर्वांना खुला आहे, फक्त आवाज वर्गणीदारांसाठी आहे, असे उत्तर मिळाले. म्हणजे दार सताड उघडे आणि आत शिरायला तिकीट. त्याच महिन्यात कंपनीने ओपन सोर्सच्या सेवेबद्दल पुरस्कारही घेतला. अर्जदाराने नोकरीत लबाड पुष्कळ पाहिले, शाळातपासणीच्या दिवशी तर विशेष. पण लबाडीला प्रेम म्हणवून घेणारे प्रथमच पाहिले. अक्षरशः शिसारी आली.

४. नाइलाजाने अर्जदाराने इतिहासाचे धडे स्वतः वाचून अपेक्षासाठी इंटरनेटवर ठेवले. आठव्या दिवशी नोटीस आली की, हा आवाज कंपनीच्या मालकीचा असून विनापरवाना वापरामुळे सर्व धडे काढून टाकण्यात आले आहेत. अर्जदाराने फोन केला. केयूर म्हणाले, “आजी, सिस्टीममध्ये मालक आम्ही आहोत. तुम्ही रीतसर परवानगी मागा ना.”

सबब ही रीतसर मागणी. पंचनामा आपल्या सवडीने करावा. अपेक्षाचा पेपर मात्र सतरा दिवसांवर आहे. तोवर अर्जदारास स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या आवाजात धडे वाचण्याची परवानगी मिळावी. परवानगी न आल्यास अर्जदार उद्या सकाळपासून अपेक्षाच्या ओट्यावर बसून मोठ्याने वाचणार आहे. काढून टाकायचे असल्यास कंपनीने तेथे यावे.

आपली, अद्याप तरी नम्र,
गोदाबाई तुपे
हडपसर, दि. ३ फेब्रुवारी २०२६

सोबत : नोटिशीची प्रत.