सामान जड आहे, तर बसनेच ये

१४ ऑक्टोबर, मंगळवार

प्रिय ताई,

धाकट्याचा नमस्कार. तुझं पत्र शनिवारी मिळालं. आज मंगळवार. मधल्या तीन दिवसांत मी तुला दोन पत्रं लिहिली आणि दोन्ही फाडली. ‘इकडे सर्व ठीक’ असं लिहायची हाताला इतकी सवय झाली आहे की पेन टेकवलं की तेच उमटतं. हा तिसरा कागद आहे.

तुझं मनगट कसं आहे? भांडं उचलताना अजून कळ येते असं लिहिलं आहेस. गरम पाण्याने शेकत जा, आणि उगाच अंगावर काढू नकोस. खरं म्हणजे तुझ्या मनगटाची चौकशी करायचं मला तोंड नाही. का नाही, तेच सांगायला बसलो आहे. पण माझा स्वभाव तुला माहीत आहे. लहानपणी बरणी फोडली की मी आधी शाळेतल्या गोष्टी सांगत बसायचो.

दुकान बरं चाललं आहे. परवा एक आजोबा नवा चष्मा परत घेऊन आले. म्हणाले, नंबर बरोबर आहे, सगळं स्वच्छ दिसतं, पण सूनबाई तोंडं वेडीवाकडी करते तेही दिसायला लागलं, जरा कमी करून द्या. मी आणि कारागीर पोट धरून हसलो. आपल्या इमारतीची लिफ्ट सुरू झाली. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी कुंड्या पुन्हा जिन्यात मांडल्या आहेत आणि सेक्रेटरींनी पुन्हा नोटीस लावली आहे.

बघ, गेलोच आडवळणाने.

तू आलीस त्या दिवसाबद्दल लिहायचं आहे. तू दुसऱ्या दिवशी येणार होतीस. मधल्या विमानतळावर आधीचं विमान मिळालं म्हणून बुधवारीच उतरलीस आणि दुपारी बाराला मला फोन केलास. मी दुकानात एका बाईंच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलत होतो. तू म्हणालीस, “अरे, मी पोचले. दोन मोठ्या बॅगा आहेत आणि एक खोकं, तेवीस किलोचं. टॅक्सी करू, ट्रेन घेऊ की बस? तुला इथलं माहीत, तू सांग.”

तुला इथलं माहीत, तू सांग. हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

मला इथलं खरंच माहीत होतं. टॅक्सीने पस्तीस मिनिटं, थेट आपल्या दारात. ट्रेनने चाळीस, पण स्टेशनवर जिने. बस सगळ्या वस्त्यांना वळसे घालत येते, सव्वादोन तास लावते, आणि आपल्या दारात नाही, पाण्याच्या टाकीपाशी सोडते. तिथून चढाचा रस्ता, पाऊण किलोमीटर. तेवीस किलोचं खोकं आणि साठीला आलेली बहीण. कुणा परक्याने विचारलं असतं तरी मी डोळे झाकून टॅक्सी सांगितली असती.

मी म्हणालो, “ताई, सामान जड आहे, तर बसनेच ये. बसच्या पोटात ठेवायला जागा असते. टॅक्सीचा रस्ता खोदून ठेवलाय, तासन्‌तास अडकशील.” वर हेही म्हणालो की बस कोपऱ्यावरच थांबते. आणि तू म्हणालीस, “बरं झालं बाबा तुला विचारलं.”

रस्ता खोदलेला नव्हता. मला हे इतकं नक्की माहीत आहे, कारण तुझा फोन ठेवल्यावर पाच मिनिटांत मी त्या बाईंना तशाच अर्धवट सोडून स्वतः टॅक्सीत बसलो होतो. दुसऱ्या दिशेला, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. आईला आणायला.

आई घरी नव्हती, ताई. त्याआधीचे अकरा महिने ती घरी नव्हती. वृद्धाश्रमात होती. आजही तिथेच आहे.

आता लिहिलंच आहे तर सगळं लिहितो. दोनदा ती न्हाणीघरात पडली. दुसऱ्यांदा मी रात्री आठला दुकानातून आलो तेव्हा ती तीन तास तशीच भिंतीला टेकून बसलेली होती, आणि मला बघून म्हणाली, “आलास? नळ बंद कर आधी.” मी घाबरलो. दिवसभर तिच्याजवळ राहील असं माणूस शोधायला हवं होतं, दुकानाच्या वेळा बदलायला हव्या होत्या, तुला कळवायला हवं होतं. यातलं मी काहीच केलं नाही. पंधरा दिवसांत आश्रमातली एक खाट रिकामी झाली आणि मी तिला तिथे ठेवून आलो. तिच्या खोलीत काचा घासायचं मशीन आणून टाकलं. जागा रिकामी कशाला ठेवायची, असं मीच मला समजावलं.

तुला का सांगितलं नाही, हे तुला आठवत असेलच. बाबा गेल्यावर तू आईला तुझ्याकडे न्यायचं म्हणालीस तेव्हा याच घरात, सगळ्या नातेवाइकांसमोर मी केवढा आवाज चढवला होता. “आई काय पार्सल आहे, इकडून तिकडे पाठवायला? माझ्या घरातून ती कुठेही जाणार नाही.” सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते आणि तू गप्प बसलीस. ते बोलणं मी जिंकलो होतो. आता हरलो म्हणून कोणत्या तोंडाने सांगणार? म्हणून तुझ्या रविवारच्या फोनच्या वेळी मी आश्रमात जाऊन बसायचो आणि माझा फोन तिच्या कानाला लावायचो. ती तुला घरातल्यासारखंच सगळं सांगायची. मी तिला तसं करायला सांगितलं होतं.

तर त्या दिवशी. तू बसमध्ये होतीस तेवढ्या वेळात मी आईला आणलं, मशीन गॅलरीत ढकलून त्यावर चादर टाकली, तिची खाट लावली, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला. आई खुर्चीत बसून हे सगळं बघत होती. एवढंच म्हणाली, “तिला बसने यायला सांगितलंस? सामान असेल ना रे तिच्याकडे?” मी उशीला अभ्रा चढवत राहिलो. पावणेतीनला तू दारात आलीस. घामाने निथळत होतीस, उजवा हात डाव्या हातात धरलेला. बॅग चढावर सुटली आणि ती धरताना मनगट मुरगळलं, म्हणालीस. आणि वर माझीच बाजू घेतलीस, “चालायचंच. टॅक्सीत अडकले असते तर अजून उशीर झाला असता.”

मग तू ते खोकं उघडलंस. आईला आंघोळीला बसायची खुर्ची, दोन्ही बाजूंना धरायला दांडे, खाली रबराचे पाय. “पडायच्या आधी बसवून घेऊ,” म्हणालीस. ताई, ती खुर्ची मला इथे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळाली असती. मी कधी आत जाऊन विचारलं नाही.

इथवरचं तू एक वेळ समजून घेशील. भित्रा आहे, खोटारडा आहे, पण भाऊ आहे म्हणून सोडून देशील. पुढचं तसं नाही.

आई अकरा महिन्यांच्या सवयी घेऊन आली होती. सकाळी सहाला उठून, पांघरुणाची घडी करून, चहाची वाट बघत खाटेवर ताठ बसायची. जेवायच्या वेळी विचारायची, “घंटा झाली का?” दिव्याचं बटण डाव्या भिंतीवर चाचपायची, जे या घरात कधीच तिथे नव्हतं. तू ते बघत होतीस आणि तुझा चेहरा दिवसेंदिवस उतरत होता. चौथ्या दिवशी तू तिला बिस्किटं दिलीस, तर तिने दोन बाजूला काढली आणि म्हणाली, “ही समोरच्या बाईंना राहू देत.” समोर भिंत होती.

समोरच्या बाई आहेत, ताई. आश्रमात आईच्या खोलीत, समोरच्या खाटेवर. टायपिस्ट होत्या, आता गुडघ्यांनी बसवलं आहे. त्यांना बिस्किटं फार आवडतात.

तू माझ्याकडे बघितलंस. तुला काय विचारायचं होतं ते मला कळलं. तेव्हा खरं सांगता आलं असतं. मी मान खाली घातली आणि म्हणालो, “हल्ली होतं तिचं असं. अधूनमधून.”

हे मी आईसमोर बोललो. ती ऐकत होती. तिने माझ्याकडे बघितलं, बराच वेळ, मग तुझ्याकडे वळून म्हणाली, “हो गं. विसरायला होतं.”

त्या दिवसापासून ती विसरायला लागली. तू तिला डॉक्टरांकडे नेलंस. मीही होतो. त्यांनी वार विचारला, महिना विचारला, तिने सांगितला. मग म्हणाले, शंभरातून सात वजा करत चला. एकतीस वर्षं गणित शिकवलेली बाई. आपल्याला जेवताना पाढे विचारायची, चुकलो तर पुढची पोळी थांबायची. म्हणाली, “त्र्याण्णव.” थांबली. डॉक्टरांच्या डोक्यावरून तिने माझ्याकडे एकदाच बघितलं आणि म्हणाली, “पंच्याऐंशी.” आणि मग, “पुढचं नाही येत.”

मी तिथे बसून होतो. शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, सगळं माझ्या तोंडात होतं. उठून सांगायला हवं होतं की ही खोटं बोलते आहे, माझ्यासाठी. मी डॉक्टरांच्या टेबलावरचं कॅलेंडर बघत बसलो.

बाहेर आल्यावर तू रडलीस. डॉक्टर म्हणाले होते, अशा माणसाची जागा बदलू नका, गोंधळ वाढतो. तेव्हा तू मला सांगितलंस की या खेपेला तू आईला न्यायलाच आली होतीस, तुझ्या घरातली खालची खोली तिच्यासाठी रंगवून तयार होती, विचारायला योग्य वेळ बघत होतीस. “आता नकोच विचारायला,” म्हणालीस, “तुझ्याकडेच सुखात आहे ती.” आणि माझ्या पाठीवर हात ठेवलास. ताई, तेव्हा तू मला थोबाडीत मारली असतीस तर मला हलकं वाटलं असतं.

अकराव्या दिवशी मी तुला टॅक्सीत बसवून दिलं. तिसऱ्या प्रहरी आईला आश्रमात पोचवलं.

आता तू लिहितेस, खालची खोली पुढच्या महिन्यापासून एका शिकणाऱ्या मुलीला देणार. हे वाचून रविवारी मी आईपाशी बसलो आणि पहिल्यांदा विचारलं, “तू पंच्याऐंशी का म्हणालीस?”

ती समोरच्या बाईंना कोडं सोडवून देत होती. मान वर न करता म्हणाली, “तुझं तोंड बघवत नव्हतं.”

“अगं, पण ती तुला न्यायला आली होती.”

“कळलं मला ते. तिच्या बॅगेत माझ्या मापाचा कोट होता. माझ्याच खाटेखाली बॅग ठेवली होती ना तिने.”

“मग? तुला जायचं होतं?”

तिने कोडं बाजूला ठेवलं. मग म्हणाली, “मला कुणी विचारलंय का? आधी तिला खरं काय ते कळव. मग विचारायचं असेल तर ती विचारेल. तू मध्ये पडू नकोस.”

म्हणून हे पत्र. मी माफी मागत नाही. ती मागितली की तुझा स्वभाव आडवा येतो आणि तू देऊन टाकतेस. मला यातून स्वस्तात सुटायचं नाही. मला एवढंच हवं आहे की ती खोली इतक्यात कुणाला देऊ नकोस.

आश्रमाचा पत्ता आणि तिथला फोन मागच्या बाजूला लिहिला आहे. यापुढे माझ्या फोनवर करू नकोस, तिथे कर, सकाळी दहानंतर ती मोकळी असते. आणि एक. परत गेल्यापासून तू तिच्याशी फोनवर एकेक शब्द तोडून, मोठ्याने बोलतेस. “आई, मी को-ण बोलतेय, सांग बरं?” असं विचारतेस. ती सांगते. तू शाबासकी देतेस. ती ऐकून घेते. मी शेजारी बसलेला असतो.

आता तसं बोलू नकोस. पूर्वीसारखी बोल. तिच्याशी वाद घाल, तिला रागाव, माझ्यासाठी खोटं बोलली म्हणून वाट्टेल ते सुनाव. ती तुला पुरून उरेल. तिचं डोकं जागच्या जागी आहे, ताई. ठिकाणावर नव्हतो तो मी.

तुझा म्हणवून घ्यावं की नाही, हे तू ठरवशील तोवर, नुसता
धाकटा