भोंग्यावरील शेवटच्या वाक्याचा खुलासा

जिंतूर,
मंगळवार, सकाळ.

बंधुतुल्य महारुद्रराव यांस,

नाक व तोंड झाकून, परंतु मोकळ्या मनाने नमस्कार. (आपण वयाने माझ्याहून धाकटे, म्हणून आशीर्वादही सोबत जोडले आहेत, मात्र पत्नीच्या भावाला आधी नमस्कार करून ठेवलेला बरा, असा माझा अनुभव आहे.) आपली प्रकृती कशी आहे? दम्याचा जुना त्रास या दिवसांत उचल तर खात नाही ना? राणीसावरगावातील मंडळी मुखाच्छादन नाकावर ठेवतात, की हनुवटीखाली अडकवून पारावर गप्पा मारत बसतात? नातीचे बारसे यथासांग झाले व तिचे नाव वैदेही ठेवले, हे कळून संतोष झाला. नाव उत्तम आहे. घरात सगळे तिला पिंकी म्हणू लागले आहेत असेही कळले. ते वेळीच थांबवावे.

पत्रास कारण असे की, आपल्या सूनबाई चि. सौ. अर्पिता यांच्या मोबाइलवर येथून एक ध्वनिफीत येऊन पोहोचण्याचा संभव आहे. तीत शहरातील साथीची सद्यःस्थिती व नागरिकांनी घ्यावयाची काळजी यांविषयीचे निवेदन असून आवाज माझा आहे. त्या निवेदनाच्या शेवटी, थोड्या खाकरण्यानंतर, जे वाक्य ऐकू येते ते अधिकृत निवेदनाचा भाग नाही. ते आपल्या ज्येष्ठ भगिनींच्या (म्हणजे माझ्या कुटुंबाच्या) कानी पडू नये, एवढी खबरदारी आपण घ्यावी, ही विनंती. ती का करावी लागत आहे, हे समजण्यासाठी मात्र मला थोडे मागून सुरुवात करावी लागेल. आपणास वेळ आहे, असे मी गृहीत धरतो; सध्या सर्वांनाच आहे.

साथ वाढू लागली तेव्हा येथील काही व्यापारी व निवृत्त मंडळींनी मिळून एक आरोग्य दक्षता समिती स्थापन केली. तिचे सचिव बन्सीधर. बाजारपेठेत त्यांचे कापडाचे दुकान आहे. माझेच जुने विद्यार्थी. माणूस कामसू, पण भाषेच्या बाबतीत निष्काळजी. दवाखान्याकडून रोज कळणारी परिस्थिती लोकांपर्यंत पोहोचावी म्हणून समितीने जीवन नावाच्या चालकाची रिक्षा ठरवली, तिच्या टपावर भोंगा चढवला आणि पहिले निवेदन बन्सीधरांनी स्वतःच केले: ‘लोकहो, लय पेशंट निघायलेत. घरात बसा. तोंड बांधा. हात धुवा. न्हाई ऐकलं तर मंग आमाला दोष देऊ नका.’ महारुद्रराव, तोंड बांधा ही सूचना मळणीच्या बैलांपुरती ठीक आहे. ज्या गावातील दोन पिढ्यांना मी मराठी शिकवले, त्या गावाला असे संबोधन ऐकावे लागावे, हे मला सहन झाले नाही. मी त्याच दुपारी सुरक्षित अंतर राखून दुकानासमोर उभा राहिलो आणि माझा मसुदा वाचून दाखवला. तो असा होता: ‘नागरिकांस विदित व्हावे की, शहरातील साथीची सद्यःस्थिती चिंताजनक असून, प्रत्येकाने मुखाच्छादन परिधान करावे, जनसंमर्द टाळावा, परस्परांत योग्य अंतर राखावे व हस्तप्रक्षालन वारंवार करावे.’ बन्सीधरांनी जीवनकडे पाहिले, जीवनने भोंग्याकडे पाहिले. मग बन्सीधर म्हणाले, ‘गुरुजी, हे तुमीच म्हना. आमच्या तोंडाला न्हाई यायचं.’ अशा रीतीने हे कार्य मजवर आले.

ध्वनिमुद्रण जीवनच्या मोबाइलवर, बन्सीधरांच्या दुकानाच्या मागल्या खोलीत होई. सभोवार कापडाचे गठ्ठे असल्यामुळे तेथे आवाज घुमत नाही आणि आतले बाहेर ऐकू जात नाही. (ही बाब लक्षात ठेवावी, पुढे तिचा संबंध येतो.) पहिल्या दिवशी रिक्षा आमच्या गल्लीत शिरली आणि ‘विदित व्हावे’ एवढे शब्द होताच घराघरांतून बायका डोक्यावर पदर घेऊन बाहेर आल्या. आपल्याकडे इतक्या गंभीर आवाजात भोंगा फिरतो तो कोणी निवर्तल्यासच, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. आमच्या शेजारच्या चांगुणाबाईंनी रिक्षा अडवून विचारले, ‘आरं, कोन गेलं?’ जीवनने सरळ स्वभावाप्रमाणे उत्तर दिले, ‘कोनी न्हाई मावशी, आपले गुरुजी हायत.’ परिणामी काही क्षणांतच माझ्या दारात मोठी गर्दी जमली. मी दार उघडले तेव्हा दोघी डोळे पुसत होत्या. मला सदेह पाहून त्यांना आनंद झाला, असे म्हणता येणार नाही. ‘जित्ते हायत तर असं मेल्यावानी कशाला सांगायलेत?’ असे चांगुणाबाई म्हणाल्या व तणतणत निघून गेल्या. जनसंमर्द टाळण्याच्या निवेदनाने जमलेला तो त्या महिन्यातील सर्वांत मोठा जनसंमर्द होता.

तथापि मी नमलो नाही. पुढे बाहेरगावच्या लोकांची ये-जा थांबवण्याची सूचना द्यावयाची ठरली. बन्सीधरांच्या टिपणात ‘कामाशिवाय गावात येऊ नका’ असे होते. मी म्हटले, बन्सीधर, परभणी जिल्ह्यात आजवर एक तरी मनुष्य ‘मी बिनकामाचा आलो आहे’ असे म्हणाला आहे काय? अपवाद म्हणजे कुंपणाला आपणच पाडलेले भगदाड. (हे शब्द मी फार जोरात उच्चारले, याचा मला पुढे खेद झाला.) तेव्हा ‘कामाशिवाय’ काढून टाकून मी असे वाक्य दिले: ‘परिस्थिती निवळेपर्यंत बाहेरगावी असलेल्या कोणत्याही व्यक्तीने शहरात प्रवेश करू नये; मग ती व्यक्ती कोणाची कोणीही असो.’ हे शेवटचे शब्द गावाला इतके आवडले की भाजीवाल्याशी घासाघीस करतानाही लोक ते वापरू लागले. लेखकाला याहून मोठे समाधान नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र दूध आले नाही. आमचा गवळी शेजारच्या वाडीचा. मी फोन केला, तर तो म्हणाला, ‘गुरुजी, तुमीच सांगायलेत की, कोनाचा कोनीबी असो. मंग म्या कसा येऊ?’ युक्तिवाद बिनतोड होता. तेव्हापासून मी कोरा चहा घेऊ लागलो.

आता आपल्या भगिनींविषयी. बारशासाठी त्या आठ दिवसांकरिता म्हणून आपल्याकडे आल्या, हे आपण जाणताच. येथील बसस्थानकावर गाडीत चढताना त्यांनी मला विचारले होते, ‘मग कधी येऊ?’ मी म्हणालो, ‘सोयीने यावे.’ हे मी सौजन्याने म्हणालो होतो. (आमच्या घरात बोलण्याची हीच रीत आहे. चहा व्हावा, दिवा लागावा, आता निघावे. कोणी, ते ज्याचे त्याला कळते. परस्परांची नावे आम्ही कधी घेतली नाहीत. लग्नात उखाण्यासाठी एकदा घ्यावे लागले, तेही करवल्यांनी दार अडवले म्हणून.) पुढे गाड्या बंद झाल्या, त्याला कोणाचा इलाज नव्हता. परंतु गाड्या पुन्हा सुरू झाल्यावर मी त्यांना फोन करून ‘बस सुरू झाल्या आहेत’ अशी माहिती दिली. त्या म्हणाल्या, ‘हो का? बरं झालं, लोकांची सोय झाली.’ नंतर फोन अर्पिताने घेतला. ‘आतोबा, आत्यांनी तुमची क्लिप ऐकली. त्या म्हणतात, मी आता बाहेरगावची, आणि कोणाची कोणीही असो असं स्पष्ट सांगितलंय. शिकल्यासवरल्या माणसाचा नियम आपण कसा मोडायचा?’ मागे घरभर हशा पिकला होता. त्यात आपलाही आवाज होता, महारुद्रराव; दमेकऱ्याचे हसणे लपत नाही.

मी तडक समितीकडे गेलो व ‘स्वगृही परतणाऱ्या व्यक्तींखेरीज’ असे शब्द घालण्याची सूचना केली. बन्सीधर गज खाली ठेवून शांतपणे म्हणाले, ‘गुरुजी, तुमीच म्हनला होता, अपवाद म्हंजी कुंपनाला भगदाड.’ विद्यार्थ्याने आपलेच शब्द लक्षात ठेवून आपल्यालाच ऐकवावेत, हा शिक्षकाचा गौरव मानावा लागतो. मी घरी आलो. आपण म्हणाल, माणसाने एकट्याने जेवू नये की काय? जेवावे, पण मी भाकरी थापतो तेव्हा ती तव्यावर पोहोचेपर्यंत जिल्ह्याच्या नकाशासारखी होते, गंगाखेडकडचा (म्हणजे आपल्याकडचा) भाग हमखास गळून पडतो. चांगुणाबाई (राग विसरून) आमच्या सामाईक भिंतीवर भाजीची वाटी ठेवून दूर होतात. एकदा मी त्यांना विचारले, वरणाला फोडणी आधी की नंतर? त्या म्हणाल्या, ‘आधी बाईस्नी आना.’

यथावकाश रुग्ण कमी झाले. समितीने निर्बंध उठवला आणि मी त्या आनंदात नव्या निवेदनात एक वाक्य माझ्या जबाबदारीवर घातले: ‘शहराबाहेर अडकलेल्या नागरिकांनी, विशेषतः ज्यांच्या घरी तुळशीला पाणी घालण्याची व्यवस्था समाधानकारक नाही अशांनी, आता परत यावयास हरकत नाही.’ माझ्या मते यात कोणाचाही निर्देश नव्हता. परंतु रिक्षा पहिल्या चौकातून पुढे जाण्यापूर्वीच पानवाल्यापासून टपालवाल्यापर्यंत सगळे मला विचारू लागले, ‘गुरुजी, निघाल्या का बाई?’ ते आपल्याकडेही पोहोचले. अर्पिताचा निरोप आला: ‘आतोबा, आत्या म्हणतात, तुळशीला पाणी चांगुणाबाईही घालतील. साऱ्या गावाला सांगून झालं. मला कुठं सांगितलंय? नाव घेऊन बोलवा म्हणावं, मग बघते.’

या मागणीवर मी दोन दिवस विचार केला. ती अवाजवी आहे, असे माझे मत आजही कायम आहे. तथापि जे नाव एवढ्या वर्षांत जिभेवर आले नाही, ते फोनवर एकाएकी नीट उमटेल याची खात्री वाटेना. ऐन वेळी अडखळलो असतो तर आपल्या घरी पुन्हा हशा पिकला असता. घरी सराव करावा, तर भिंतीपलीकडे चांगुणाबाई. म्हणून शनिवारी निवेदनाचे ध्वनिमुद्रण संपले, बन्सीधर गिऱ्हाइकाकडे व जीवन चहाला गेला, तेव्हा त्या कापडाच्या गठ्ठ्यांत मी एकटाच बसून राहिलो. जीवन आपला मोबाइल गठ्ठ्यावर तसाच चालू ठेवून गेला होता, हे मला कळण्याचे काही कारण नव्हते.

रविवारी सकाळी रिक्षा गल्लीत आली. मुखाच्छादन झाले, अंतर झाले, हस्तप्रक्षालन झाले. आणि मग खाकरल्याचा आवाज आला. पुढचे मी अंगणात तांब्या हातात धरून ऐकले. चांगुणाबाईंनी मुखाच्छादन खाली ओढून त्यानेच डोळे पुसले (हे आरोग्याच्या दृष्टीने सर्वथा अयोग्य आहे). जीवनने रिक्षा बंद केली आणि म्हणाला, ‘गुरुजी, चुकून ऱ्हायलं. पर काडू वाटंना.’

मी ते वाक्य तत्काळ वगळावे अशी लेखी मागणी समितीकडे केली. बन्सीधरांनी ती नम्रपणे फेटाळली. त्यांचे म्हणणे असे की, आजवर एकही निवेदन लोक पूर्ण ऐकत नव्हते. ‘आता शेवट ऐकायचा म्हनून लोकं रिक्षामागं थांबायलेत, लांब लांब उभे राहून. त्या नादात हात धुवायचं बी ऐकायलेत. गुरुजी, तुमचं घरचं असंल, पर गावाचं भलं व्हायलंय.’ सार्वजनिक हितापुढे व्यक्तीने मागे सरावे, हे मी स्वतःच वर्गात शिकवत आलो. तेव्हा सकाळ-संध्याकाळ ते वाक्य गावभर फिरते आहे आणि मी बाजारात गेलो की माणसे आपोआप मुखाच्छादन नाकावर ओढून घेतात. बहुधा हसू लपवण्यासाठी, पण परिणाम एकच.

एवंच, सदर ध्वनिफीत आपल्या भगिनींपर्यंत जाऊ नये. माझी प्रकृती उत्तम आहे. चहा कोरा घेण्याची आता सवय झाली आहे. त्यांनी सोयीने यावे, हे माझे पूर्वीचे म्हणणे आहेच. सर्वांनी हात धूत जावेत.

आपला,
अनंत विश्वनाथ चारठाणकर

ता. क. ध्वनिफीत त्यांच्या कानी आधीच पडली असल्यास, त्या कोणत्या गाडीने येत आहेत तेवढे कळवावे. गवळी परत येऊ लागला आहे. जास्तीचे दूध आदल्या दिवशी सांगावे लागते.

आणखी ता. क. अर्पिताच्या मोबाइलवर ती अद्याप पोहोचली नसल्यास तसे निःसंकोच सांगावे. जीवन पुन्हा पाठवावयास तयार आहे. आपल्याकडे रेंज माळवदावर चांगली येते असे ऐकतो. संध्याकाळच्या गार वाऱ्याला भगिनींना माळवदावर नेल्यास माझी हरकत नाही.

शेवटचे ता. क. गावात त्या वाक्याचे निरनिराळे पाठ पसरले आहेत. वाद होऊ नये म्हणून मूळ पाठ येथे देतो, ताडून पाहावा:

‘सत्यशीला. सत्यशीला, ऐकलं का? घर लय मोठं वाटायलंय. ये आता.’

(‘लय’ आणि ‘वाटायलंय’ ही रूपे माझ्या तोंडी कधी नसतात, हे आपण जाणता. ती सुधारून पुन्हा ध्वनिमुद्रण करू, असे जीवन म्हणत होता. मी ते पुनःपुन्हा ऐकून पाहिले. दुरुस्तीची आवश्यकता वाटली नाही.)