गोड सोडल्याचा नेम

चि. गोदूस,

सगळ्यांच्या आधी गुणाबाईच आली, आणि तीही पेढ्यांचं ताट घेऊन. शेजारीण हाय, भिंतीला भिंत हाय, पण सिंधूला बघायला येणाऱ्या पाहुण्यांच्या आधी येऊन बैठकीत पुढची जागा धरायची म्हणजे काय. (तुला अनेक आशीर्वाद. गुडघ्यांना तेल लावतेस की नुसतीच कण्हतेस? माझं अक्षर वाकडं हाय, पण माझंच हाय.)

तर आषाढात माझी तहान काही केल्या भागंना, तेव्हा हैदराबादेहून शिकून आलेल्या डॉक्टरनं बाटलीत लघवी मागवली. आपला दत्तू कचेरीत पेशकार, सगळ्या नांदेडाची इज्जत त्याच्याच डोक्यावर. बाटली उपरण्याखाली दडवून निघाला, तर वाटेत गुणाबाईचे यजमान शेषेराव आडवे आले. काय नेऊन राहिलात, विचारलं. आमचे चिरंजीव म्हणाले, तीर्थ. शेषेराव भाविक माणूस, त्यांनी चपला काढून ओंजळ पुढं केली. दत्तू 'सोवळ्यातलं हाय' म्हणत जो पळाला तो थेट दवाखान्यात शिरला. तीर्थ घेऊन दवाखान्यात कोण जातं, हे शेषेरावांना नसेल उमगलं, पण त्यांनी घरी जाऊन बायकोला सांगितलं.

डॉक्टरनं निळ्या औषधात ते उकळलं, तर विटेसारखं लाल झालं. साखरेची बिमारी, गोड बंद. दत्तूनं घरात सगळ्यांना शपथ घातली, बाहेर कळलं तर आपल्या सिंधूला कोण करून घेईल. (पोरगी त्याची, पण रूपानं माझ्यावर गेलीय, कोणीही करून घेईल.) लोकांना सांगायचं काय, तर आईनं चातुर्मासाचा नेम धरलाय, गोड सोडलंय. चार महिने मी गल्लीतली साध्वी झाले, बायका पाया पडून राहिल्या. मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. पण धरलेला नेम कार्तिकात सोडावा लागतो, सोडलेली वस्तू दान करून पहिला घास स्वतः खावा लागतो, हे उर्दूत मोठमोठे कागद लिहिणाऱ्या पेशकाराच्या ध्यानातच न्हाई.

आणि नेम सोडायच्या द्वादशीलाच नेमके तुमच्या निलंग्याचे वसंतराव आईला घेऊन आले, मुलासाठी सिंधूला बघायला. पोरगी पसंत पडली, आता सुपारी फुटणार, तेवढ्यात गुणाबाई म्हणाली, "विहीणबाई, तुमच्याच हातानं काकूंचा नेम सोडा. लई पुण्य हाय." म्हातारीनं पेढा उचलून माझ्या तोंडाशी आणला. नको म्हणावं तर पाहुण्यांचा अपमान, सोयरीक गेली. खावं तर डॉक्टरची तंबी. दत्तू डोळ्यांनी खा खा म्हणून राहिला. सख्खा पोरगा, गोदू.

गुणाबाईकडं बघितलं. ती पदर तोंडाशी धरून मजा बघून राहिली होती. हिला आषाढापासून ठाव हाय, हे तेव्हा कळलं. मग झाकायचं कोणापासून?

"ठेवा तो पेढा," मी म्हटलं. "नेम न्हाई न् काही न्हाई. साखरेची बिमारी हाय मला."

दत्तू उठून आत गेला. गुणाबाईचा चेहरा असा उतरला, जसं तिनं चार महिने मुरवत ठेवलेलं लोणचं मी भर बैठकीत वाटून टाकलं.

"आधी सांगायचं की," वसंतरावांची आई म्हणाली.

"आता सांगितलं ना. तुमच्याकडं कोणाला काय हाय?"

तशी दोघं मायलेकरं आढ्याकडं बघायला लागली. चहा पिऊन, विचार करतो म्हणून गेली. दत्तू माझ्याशी बोलत न्हाई, आणि मला चार महिन्यांत पहिल्यांदा गाढ झोप लागली. झाकण्याइतकी वाईट बिमारी दुसरी न्हाई बघ.

तुझी आक्का

ता. क. वसंतराव तुझ्याच गल्लीत राहतात. त्यांचा भाऊ माडीवरून खाली उतरत न्हाई म्हणे, का ते त्यांच्या मोलकरणीकडून गोडीनं काढून घे आणि लगेच लिही.

आणखी ता. क. आपल्या आईलाही शेवटी हीच साखरेची बिमारी होती, हे मात्र सिंधूचं लग्न लागेपर्यंत तिथं कोणाला बोलू नको. वसंतरावांचा निरोप आलाय, मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी परत येतो म्हणालेत.